डोक्यावरचा कापूस

आमच्या व्याह्यांइतका कापसावर जीव लावणारा माणूस ह्या यवतमाळ जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि झाला असेल तर त्याच्या घरच्यांनी तो लपवून ठेवला असेल. जिल्हा कापसाचा आहे. इथे ज्याला त्याला कापूस आहे. लोक तो पेरतात, वेचतात, विकतात आणि विकून झाला की त्याला शिव्या देतात. व्याह्यांचं तसं नव्हतं. केळापूरच्या बाजूच्या त्यांच्या खेड्यात ते शाळेवर चपराशी होते, घंटा वाजवता वाजवता आवाज घंटेसारखाच झालेला, आणि शाळा सुटली की शेत. घरात आधी पगार, मग पेन्शन येत होती, खायला कमी नव्हतं. त्यामुळे कापूस विकलाच पाहिजे अशी त्यांच्यावर वेळ आली नाही, आणि तेच सगळ्यांना नडलं. बाकीच्यांचा कापूस घरात पाहुणा म्हणून येतो. ह्यांच्या घरी तो राहायला आला.

ते बारा महिने कानांत कापसाचे बोळे घालून असत. थंडीत थंडी लागते म्हणून, उन्हाळ्यात झळा लागतात म्हणून, पावसाळ्यात काही कारण नाही म्हणून. त्यांच्या मनासारखं बोलणं चाललं असलं की एक बोळा काढायचा, आपल्याविरुद्ध चाललं की तो परत घालायचा. लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा माझ्या नवऱ्याने मानपानाचा विषय काढला आणि व्याह्यांचा हात कानाकडे गेला. आमचे हे बिचारे अर्धा तास मानपान समजावत बसले. त्यांच्या सायकलच्या सीटवर कापसाची उशी इतकी उंच बांधलेली होती की पाय पायडलला जेमतेम लागत, आणि ते रस्त्याने चालले की सायकल वेगळी चालली आहे आणि माणूस वेगळा असं दिसे. पिण्याच्या माठाला कापूस भरलेला अंगरखा शिवला होता, त्याला पुढून गुंडीसुद्धा होती. रेडिओलाही गोधडी होती. कापसाचे भाव सांगणारा माणूस त्यातून असा बोलायचा की जणू त्याला ताप भरला आहे आणि घरच्यांनी त्याला पांघरूण घालून झोपवलं आहे. माणसांनासुद्धा ते कापसासारखं हातात घेऊन पाहत. अमक्याचा धागा लांब आहे, तमक्याचा आखूड आहे, तुटतो. माझी पारख त्यांनी पहिल्याच भेटीत केली. आमच्या ह्यांना म्हणाले, तुमच्या बाईत रुई कमी आणि सरकी जास्त आहे. सरकी म्हणजे कापसातलं बी. दात लागला तर दात दुखतो.

पहिल्या वेचणीचा कापूस सगळा विकायचा नाही, थोडा घरात देवापाशी ठेवायचा, अशी आमच्याकडे रीत आहे. सगळे ठेवतात. माझ्याही घरी ताटलीभर असतो, पुढल्या वर्षापर्यंत त्याच्या वाती होतात. व्याह्यांनी ह्या रीतीतला ‘थोडा’ हा शब्द काढून टाकला. ती भाव पडण्याची वर्षं होती. बाजारात गाड्यांच्या रांगा लागायच्या, बैल उन्हात उभे राहायचे, आणि शेवटी जो भाव मिळाला तो ऐकून माणसं घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजायची. व्याह्यांनी तेव्हा ठरवलं की भाव चांगला असला की पहिली वेचणी ती पहिली, आणि भाव पडला की सगळ्याच वेचण्या पहिल्या. मग त्यातला गाडीभर कापूस दर साली घरात राहू लागला. तो कुठे राहतो, हे मात्र आम्हाला सोयरिकीच्या वेळी कोणी सांगितलं नाही. आम्ही मुलगा पाहिला, शेत पाहिलं, विहिरीचं पाणी पिऊन पाहिलं. वर कोण पाहतो? वर टिनाचं छत होतं आणि टिनाखाली बांबूच्या तट्ट्या ठोकून त्यांना गोणपाटाचे बोरे शिवले होते. बोऱ्यांवर चुना मारला होता. मला तर ते बरंच वाटलं. म्हटलं, घर टापटिपीचं आहे.

माझी वैशाली पहिल्या बाळंतपणाला सातव्या महिन्यात कळंबला माझ्याकडे आली तेव्हा तिचं अंग पाहून मी दारातच बसले. गळ्यापासून पायापर्यंत लाल पुरळ, खाजवून खाजवून कातडी निघालेली. मला वाटलं गोवर असेल, नाहीतर कांजिण्या. तिला तशीच यवतमाळला नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिचा हात इकडून तिकडून पाहिला आणि औषध लिहायच्या आधी विचारलं, घरात कापूस भरून ठेवला आहे का? आमच्याकडचे डॉक्टर हे विचारतातच. कापूस घरात राहिला की त्यात बारीक किडा होतो, डोळ्याला न दिसणारा, तो चावतो. वैशाली म्हणाली, घरात नाही. मला बरं वाटलं. मग ती म्हणाली, घराच्या वर आहे.

मी विचारलं, “वर म्हनजे कुठं?”

“छतात, आई. टिनाच्या खाली. बोऱ्याच्या वर.”

“किती?”

“सगळीकडं.”

मी आयुष्यात पुष्कळ ऐकलं आहे, पण असं ऐकलं नव्हतं. दोन वर्षं माझी पोर कापसाखाली झोपत होती आणि घरी आली की सांगत होती, सगळं चांगलं आहे.

नात झाली. व्याही तिला पाहायला आले ते एका काखेत मऊ गादी घेऊन. त्यांनी स्वतः भरलेली. मी ती गादी ओसरीच्या पायरीवरच थांबवली आणि माणसाला आत घेतलं. त्यांनी नात पाहिली, तिच्या मुठी उघडून पाहिल्या, केसांत फुंकर मारली आणि म्हणाले, धागा लांब आहे. चहा झाल्यावर मी विषय काढला. मला घोळून घोळून बोलता येत नाही.

“इवाई, तुमच्या छतात कापूस हाय म्हनते पोरगी.”

“हाय नं. कायले नसन?”

“कायले हाय, थे सांगा.”

मग त्यांनी दोन्ही कानांतले बोळे काढून मांडीवर ठेवले आणि मला समजावलं. टीन तापतं, कापूस ऊन अडवतो, हा एक भाग. पण तो त्यांनी पटकन उरकला. खरा भाग वेगळाच होता. भाव पडला तेव्हा गावाने कापूस मातीमोल देऊन टाकला. आज कोणाकडे त्यातलं एक बोंड नाही. त्यांचा मात्र जसाच्या तसा आहे, शेवरीसारखा पांढरा, वर सुरक्षित. कधी ना कधी त्याला त्याचा भाव येईल. “त्यायचा गेला,” ते म्हणाले, “माहा हाय.”

मी विचारलं, रुई करून तरी का ठेवला नाही, सरकीसकट कोण ठेवतं? त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं जणू मी नातीला उघडी ठेवा म्हटलं होतं. सरकी काढली की कापूस मरतो म्हणाले. सरकीसकट असला म्हणजे तो जिवंत असतो, श्वास घेतो.

“त्याच्या श्वासानं माह्या पोरीच्या अंगाची चाळण झाली,” मी म्हटलं. “थो कापूस खाली आल्याबगर माही नात तुमच्या घरात येनार नाही. सव्वा महिना होऊ द्या नाहीतर सव्वा वर्ष.”

त्यांनी सावकाश एक बोळा ह्या कानात घातला, दुसरा त्या कानात घातला, आणि निघून गेले. गादी पायरीवरच राहिली. ती मी चुलीत घातली.

सव्वा महिना झाला. पोरीला बाळासकट सासरी पोचवायची वेळ आली आणि गेली. ऊन वाढत चाललं. शेजारच्या बाया विचारू लागल्या की वैशालीचं काही बिनसलं का. काही बिनसलं नव्हतं, जावई दर रविवारी यायचा आणि बाळाला मांडीवर घेऊन बसायचा. चांगला मुलगा. पांढरकवड्याला दूध थंड करायच्या केंद्रावर यंत्राचं काम करतो. बापापुढे मात्र त्याचं तोंड उघडत नव्हतं. त्यानेच एका रविवारी सांगितलं की त्यांच्या दुधाच्या खोलीला वरून एक फेस मारला आहे. पिचकारीने मारतात, मारला की फुगतो, वाळला की दगडासारखा होतो, आणि मग बाहेर आग पडली तरी आत दूध नासत नाही. तसा घराच्या टिनालाही मारून देतात. नागपूरची माणसं येतात, यंत्र गाडीत घेऊन. मी म्हटलं, दूध नासत नाही तर पोरगीही नासणार नाही, बोलाव.

फेसाचं नाव ऐकून व्याही खवळले. साबणाचा का, असं त्यांनी आधी विचारलं. मग नमुना म्हणून आणलेला तुकडा हातात घेऊन दाबून पाहिला, ओढून पाहिला, वास घेतला आणि म्हणाले, ह्याला धागाच नाही. हे कापसाचं सोंग आहे. नागपूरचा माणूस घर पाहायला आला तेव्हा त्यांनी मोठा समजूतदारपणा दाखवला. ठीक आहे, मारा, पण खालून मारा, बोऱ्यांवर. वर कापूस राहील, खाली फेस राहील, दोघंही आपापलं काम करतील. तो माणूस शिडीवर चढला, बोऱ्याची शिवण जरा उसवून आत बॅटरी मारली आणि जितक्या वेगाने चढला त्याच्या दुप्पट वेगाने उतरला. तो त्याच्या नागपुरी हिंदी-मराठीत म्हणाला, काका, माल टिनाला चिकटतो, बोऱ्याला नाही. टीन साफ पाहिजे, कोरडं पाहिजे, उघडं पाहिजे. पहिले अंदरचं पूर्ण उतरवा. आणि अंदर जे कोणी राहतात त्यांनाही सांगून द्या.

व्याह्यांनी बोळे घातले. जावयाने मला फोनवर हे सांगितलं तेव्हा तो रडायचा बाकी होता.

हा गुंता सोडवला माझ्या विहिणीने, म्हणजे व्याह्यांच्या बायकोने. ही बाई गरीब गाय. लग्न झाल्यापासून तिचं एकच काम, नवऱ्याचं ऐकणं आणि अंग खाजवणं. होळीपासून मृगापर्यंत तिच्या कमरेला लाकडी फणी खोचलेली असे, ती केसांसाठी नव्हती. ती नातीला पाहायला म्हणून एका दिवसासाठी माझ्याकडे आली. दुसऱ्या दिवशी मी तिला एसटीची वेळ सांगितली, तर ती म्हणाली, “मी नाही जात.” मला वाटलं एक दिवस आणखी राहते आहे. पण तिने पिशवीतून लुगडी काढून दांडीवर टाकली आणि शांतपणे सांगितलं की सून आणि नात ज्या दिवशी जातील त्याच दिवशी तीही जाईल. आणि आठवड्यातच तिच्या अंगावरची खाज गेली. फणी तिने केसांना लावली. मी तिला त्याआधी कधी हसताना पाहिलं नव्हतं, तिला खालचे दोन दात नाहीत हेही मला माहीत नव्हतं.

व्याही काही दिवस स्वतः भाकरी थापून खात होते. कशा असतील कोण जाणे, पण जावई रविवारी आला की आमच्याकडे तिघांचं जेवायचा. मग निरोप आला. कापूस उतरवतो. पण अटी होत्या. कापसाला दुसऱ्या कोणाचा हात लागायचा नाही. एक गाठोडं खाली फेकायचं नाही, दोराने सोडायचं. आणि मी स्वतः येऊन उभं राहायचं, म्हणजे किती पांढरा आहे ते मला दिसेल.

मी आणि विहीण गेलो. पोरीला आणि नातीला माझ्या सुनेपाशी ठेवलं. आम्ही पोचलो तर अंगणात अर्धं गाव. वर्षानुवर्षं ज्या कापसाबद्दल ऐकत आले तो पाहायला लोक आले होते, आणि व्याह्यांनीच त्यांना बोलावलं होतं. धुतलेलं धोतर, धुतलेला सदरा, डोक्याला रुमाल. देवळाच्या कळसावर चढावं तसे ते शिडीवर चढले. बोरा उसवला आणि आत शिरले. मग वरून शाळेच्या घंटेसारखा आवाज आला, “हा बोंडअळीच्या सालचा.”

प्रत्येक गाठोडं ते असं सांगून सोडत होते. माणसं बैलांची नावं घेतात तशी ते सालांची नावं घेत होते. हा लाल्या रोग पडला त्या सालचा. हा वेचणीत पाऊस आला त्या सालचा. हा पोराच्या लग्नाच्या सालचा, ह्यातलं एक बोंडही किडकं नाही. खाली मात्र वेगळंच येत होतं. पहिलं गाठोडं राखेच्या रंगाचं होतं. दुसरं काळं होतं. तिसऱ्याला टिनाच्या भोकातून पाणी लागलं होतं आणि त्यातल्या सरक्या उगवल्या होत्या. अंधारातच उगवलेली पिवळी, लांब, दोऱ्यासारखी रोपं, ऊन शोधत शोधत गाठोड्याबाहेर आलेली आणि तशीच मेलेली. कापूस जिवंत आहे म्हणत होते ते खोटं नव्हतं. चौथ्या गाठोड्यातून उंदीर निघाले. किती ते विचारू नका. बाया ओट्यावर चढल्या, माणसं आधीच चढली होती. आणि उंदरांच्या मागून एक धामण निघाली, माझ्या मनगटाएवढी जाड, चकचकीत, पोसलेली. ती कोणाला घाबरली नाही. घर रिकामं करायला सांगितलेल्या भाडेकरूसारखी ती नाराज होऊन अंगणातून निघाली आणि गावाने तिला वाट करून दिली. ह्या जनावराच्या खाली माझी पोर दोन वर्षं निजली होती.

पण खरा धक्का मला नाही, विहिणीला बसला. गाठोडी जुन्या लुगड्यांत बांधलेली होती. तिने एका गाठोड्याचा काठ हातात घेतला, चोळून पाहिला आणि म्हणाली, “हे तं माहं मोरपंखी.” मग दुसरं. मग तिसरं. गेल्या कित्येक वर्षांत तिच्या धुण्याच्या दोरीवरून जी जी लुगडी गेली होती ती सगळी छतातून एक एक करून उतरत होती. ती लुगडी शेजारच्या बाईने चोरली, असं तिने तेव्हाच सगळ्या गावाला सांगितलं होतं. त्या बाईशी ती तेव्हापासून बोलत नव्हती, हळदीकुंकवाला बोलवत नव्हती, आणि ती बाई हात पुढे बांधून ओट्यावर समोरच उभी होती. दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. विहिणीने वर पाहिलं. वरून आवाज आला, हा पूर आला त्या सालचा. ती खालून इतकंच म्हणाली, “काहून हो, मले मांगितलं असतं तं देल्लं नसतं का मी?” वरून पुढचं गाठोडं आलं ते साल न सांगताच. शेजारीण पुढे आली, तिने मोरपंखी लुगड्याचं एक टोक धरलं आणि म्हणाली, धुतलं तर निघेल. मग दोघी गाठोडी सोडू लागल्या.

शेवटची गाठोडी सर्वांत जुनी होती, भाव पडायला सुरुवात झाली तेव्हाची. ती दोराला बांधता बांधताच फाटली आणि खाली नुसती धूळ आली. गाव खोकत होतं. धूळ बसल्यावर व्याही उतरले. केस, भुवया, मिशा सगळं करडं. अंगणात तो ढीग पडला होता, घाणेरडा, कुजक्या वासाचा, आणि भोवती तीच माणसं उभी होती ज्यांना त्यांनी दर साली सांगितलं होतं, तुमचा गेला, माझा आहे. मागून कोणीतरी म्हणालं, “बापू, आता न्या मार्केटात.” काही लोक हसले. व्याह्यांनी ढिगात कोपरापर्यंत हात घातला, मूठ बाहेर काढली, उघडली, पाहिली. परत घातला. परत पाहिली. कितीतरी वेळ ते तसंच करत होते. तेवढ्यात ज्याने टोमणा मारला तो म्हातारा स्वतःच पुढे आला, त्यांच्या शेजारी उकिडवा बसला आणि तोही हात घालून पाहू लागला. मग हसणं थांबलं. त्या गावात असा एकही माणूस नव्हता ज्याचा त्या सालांत कापूस गेला नव्हता.

मी सरकीची बाई. मी तिथे बोलायला आले होते आणि माझ्याकडे बोलायला पुष्कळ होतं. ते मी तसंच परत नेलं.

आम्ही दोघी रात्री गावातच राहिलो. नागपूरची माणसं दुसऱ्या दिवशी आली. त्यांचा मुख्य वर चढला, टीन तपासलं आणि मग मधल्या मोठ्या बल्लीवर, म्हणजे ज्या लाकडावर सगळं छत पेललेलं असतं त्यावर, त्याने अंगठा दाबला. अंगठा आत गेला. लाकूड नव्हतंच. वरून साल होती आणि आत उधळीची, म्हणजे वाळवीची, माती. तो खाली येऊन म्हणाला की ह्याला कापसाचं ओझं आणि वर पावसाळा, हे छत ह्या साली खाली आलं असतं. व्याही त्या बल्लीखाली जाऊन उभे राहिले आणि त्यांनी वर पाहिलं, मग खाली पाहिलं. खाली पोरीची खाट होती. खाटेच्या वर, त्याच बल्लीला, त्यांनी पाळण्यासाठी नवी कोरी कडी ठोकून ठेवली होती. ती कधी ठोकली ते कोणालाच माहीत नव्हतं.

“इथं पाळना बांधनार होतो मी,” ते म्हणाले. “इथंच.”

आणि ते खाटेवर बसले ते उठेनात. मी पाणी दिलं. त्यांच्या कानांत बोळे नव्हते, केव्हा पडले त्यांनाही कळलं नसेल. मी माझ्या धन्यालाही कधी पाठीवर हात ठेवून समजावलं नाही, तर व्याह्यांना कुठून. मी म्हटलं, “नाही बांधला ना. बस झालं.”

त्यानंतर त्या माणसाने कशालाही नाही म्हटलं नाही. बल्ली बदलली, लोखंडाची आली. कापसाचा ढीग त्यांनी एकट्यानेच गाडीत भरून शेताच्या धुऱ्यावर नेला आणि पेटवला. तो धड जळेना, ओला होता, दिवसभर धुमसत राहिला. फेस मारायच्या दिवशी पांढरे कपडे आणि तोंडाला मुसकी बांधलेली माणसं घरात शिरली, सगळ्यांना दिवसभर घराबाहेर राहायला सांगितलं, आणि व्याही खिडकीच्या फटीतून पाहत बसले. फेस टिनावर पडला की आंबलेल्या पिठासारखा फुगायचा. ते पाहून त्यांना राहवलं नाही. संध्याकाळी दार उघडलं तसे ते आत गेले आणि एका कोपऱ्यात उशिरा मारलेला फेस मऊ आहे का पाहायला त्यांनी चार बोटं त्यात घातली. ती बोटं पुढे पुष्कळ दिवस पिवळी होती, जेवताना ते डाव्या हाताने पाणी प्यायचं विसरून त्या बोटांकडे पाहायचे, असं विहीण सांगते.

मग एका सकाळी ते कळंबला आले. हातात काही नाही. ओसरीवर बसले. मी म्हटलं, न्यायला आलात का? तर म्हणाले, “त्यायले न्यायले नाही आलो, इहीनबाई. तुमाले न्यायले आलो. तुमी पाहा, मंग ठरवा.” नातीला त्यांनी हातसुद्धा लावला नाही, लांबून पाहिलं. मला अशा माणसाशी भांडता येत नाही.

मी गेले. भर दुपारी पोचले, वैशाखाचं ऊन, डांबर चिकटत होतं. त्या घरात पाऊल टाकलं आणि मला वाटलं चुकून दुसऱ्या घरात आले. गार होतं. शिडी मागवून मी वर चढले, ह्या वयात, आणि त्या फेसावर टिचक्या मारून पाहिल्या. लोखंडी बल्ली हलवून पाहिली, हलली नाही. उतरले, खाटेवर आडवी झाले, म्हटलं जरा पाहू, आणि मला झोप लागली. परक्या घरी, व्याह्यांच्या घरी, दिवसाढवळ्या मी घोरत झोपले, असं मला नंतर जावयाने सांगितलं आणि तो खोटं बोलत नाही. उठले आणि म्हटलं, पाळणा आणा.

सोमवारी पोरीची ओटी भरून, बाळाला टोपरं घालून आम्ही तिला पोचवलं. विहीणही आली, तिची लुगडी पिशवीत घालून. दुपारी सगळे जेवले आणि त्या गारव्यात जिथे जागा मिळाली तिथे आडवे झाले. नवीन कडीला पाळणा बांधला होता, पोरगी त्यात अंग ताणून झोपली होती, अंगावर एक डाग नाही. मी पाणी प्यायला उठले तर दारातून दिसलं, व्याही बाहेर निंबाखाली बसलेले. झळा चालल्या होत्या. मी दारात जाऊन म्हटलं, इवाई, आत काहून येत नाही, आत गार आहे.

ते म्हणाले, “आत लय गार हाय. पोट्टी चांगली झोपली, म्या पाहिलं.” मग म्हणाले, “पन वर काई नाही ना आता.”

सांगायला हवं होतं की वर जे होतं ते कधीचंच गेलं होतं, पण ते त्यांनी माझ्यापेक्षा जवळून पाहिलं होतं. मी आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला, त्यांच्यापाशी ठेवला, आणि रीत म्हणून जरा लांब, निंबाच्या दुसऱ्या बाजूला बसले. आतून पाळण्याची कडी कुरकुरली, पोरगी हलली असावी. व्याह्यांनी मान वळवून ऐकलं, आणि पुन्हा शांत झाल्याची खात्री होईपर्यंत ऐकतच राहिले.